हायब्रिड लॅपटॉप की छोटा टॅब? माझं मत: हायब्रिड घेऊ नका

खानापूर_पॅसेंजर
बेळगावात हल्ली लॅपटॉप विचारायला गेलं की दुकानदार आधी हायब्रिड पुढं करतो. ‘स्क्रीन फिरवा, टॅब झाला!’ कुठला होतोय? १४ इंची, दीड किलोच्या आसपासचं ते धूड उलटं दुमडून हातात धरून बघा. मागनं बोटांना कीबोर्डची बटणं लागत राहतात आणि थोड्या वेळात मनगट भरून येतं. मी खानापूर–बेळगाव बसचा रोजचा माणूस. आठ इंची टॅब एका हातात, दुसरा हात वरच्या दांडीला. आयपॅड मिनी साधारण ३०० ग्रॅमचा, अँड्रॉइडचे छोटे टॅबही त्याच्याच आसपास. पेपर, पीडीएफ, बँक, सगळं भागतं. टायपिंगला घरी जुना डेस्कटॉप ठेवा. अँड्रॉइडचा टॅब घेतला तर दोन्ही मिळूनही चांगल्या हायब्रिडपेक्षा स्वस्त पडतं.

उद्यमबाग_पॅटर्नवाला
बसमध्ये उभं राहून पेपर वाचणाऱ्यानं सगळ्या गावाला सल्ला देऊ नये. आमच्या फौंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे मोल्डचे नमुने बनवतात तिथं, ड्रॉइंग घेऊन जावं लागतं. इथं मशीनिंगला ३ एमएम जास्त ठेव, म्हणून पेननं लाल गोल मारायचा आणि तिथंच मूळ मॉडेल उघडून दुरुस्त करायचं. ते मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर सॉलिडवर्क्स, ते विंडोजशिवाय चालत नाही. टॅबवर ड्रॉइंग नुसतं बघायचं, मग ऑफिसात परत येऊन बदलायचं. तोवर मोल्ड भरून मोकळे!

शहापूर_पेठ
आमचं साड्यांचं दुकान. हिशेबाचं टॅली विंडोजवरच, त्यामुळं छोटा टॅब बाद. पण पॅटर्नवाले, त्यासाठी हायब्रिडच कशाला? साधा लॅपटॉप बास की. शिवाय एक खोच आहे. २०२४ च्या सरफेस प्रोसारख्या काही यंत्रांत नेहमीच्या इंटेल-एएमडीऐवजी मोबाइलच्या जातीचा स्नॅपड्रॅगन प्रोसेसर येतो. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर चालतात, पण जुना बिलिंग प्रिंटर किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, ज्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरसाठी निघालेलाच नाही, ते जोडून उपयोग शून्य. महिनाअखेरीला जीएसटी भरायला बसल्यावर हे कळून काय करायचं? घेण्याआधी आपलं टोकन दुकानात नेऊन लावून बघा.

निपाणीच्या_बाई
खानापूरच्या दादांना एक विचारते. आठ इंचावर अर्ज टाइप केलाय कधी? स्क्रीनवरच्या कीबोर्डनं निम्मी जागा खाल्ली की वरचा मजकूर किती दिसतो? मी मराठी शाळेत शिकवते. वर्गाचं सगळं मराठीत, खात्याला जाणारी पत्रं कन्नडमध्ये. कन्नड टायपिंगचं नुडी सॉफ्टवेअर विंडोजवर आहे. त्याच यंत्रावर पेननं भूमितीची आकृती काढते, ती प्रोजेक्टरवर दिसते. पिशवीत आधीच वह्यांचे गठ्ठे. त्यात दोन-दोन यंत्रं कुठं कोंबू? डेस्कटॉप घरी असून माझा काय फायदा, काम शाळेत असतं. माझ्यासाठी हायब्रिडच.

व्हीटीयू_बॅकलॉग
नोट्स ए-फोरच्या पीडीएफमध्ये येतात. ए-फोर पानाचा कर्ण १४ इंचाच्या वर, आयपॅड मिनीचा ८.३. पान निम्म्याहून थोडं मोठं दिसतं. सर्किटमधली रेझिस्टरची किंमत वाचायला झूम केली की उरलेलं सर्किट गायब.

खानापूर_पॅसेंजर
बाई, वर्गातलं पटलं. पण लाइटीचं कुणीच बोलेना. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. छोटा टॅब मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेवर भरतो. हायब्रिडला बहुतेक वेळा ४५ नाहीतर ६५ वॅटचा चार्जर लागतो. आणि ते कीबोर्ड सुटणारं, मागं पाय काढून उभं करायचं मॉडेल बसमध्ये मांडीवर ठेवून दाखवा. ब्रेक लागला की पुढच्या सीटखाली.

उद्यमबाग_पॅटर्नवाला
वॅट जास्त देणाऱ्या पॉवर बँका मिळतात की हो.

खानापूर_पॅसेंजर
मिळतात. वजनाला आणि किमतीला बघा मग.

कॅम्प_रिपेअर
दोघांचीही यंत्रं शेवटी माझ्या टेबलावर येतात, म्हणून बोलतो. कीबोर्ड सुटणाऱ्यांत बऱ्याचदा बॅटरीपर्यंत जायला स्क्रीनच उचकटावी लागते. ती गोंदानं चिकटवलेली असते आणि काढताना काच गेली की ग्राहक माझ्याच नावानं शंख करतो. रॅम बोर्डावरच सोल्डर, पुढं वाढवता येत नाही. छोट्या टॅबचं दुखणं तेच, फक्त तो स्वस्तातला असेल तर माणूस रडत नाही. ३६० अंशात फिरणाऱ्याचं बूड बहुतेक वेळा स्क्रूनं उघडतं, बॅटरी बदलता येते. फौंड्रीवाल्यांच्या यंत्रात मात्र बिजागरीत आणि पंख्यात काळी वाळू निघते. पंखा घरघरायला लागायच्या आत साफ करून न्या. तिथं बिनपंख्याचं मॉडेल बरं, पण त्यावर सॉलिडवर्क्स रेंगाळणार.

निपाणीच्या_बाई
माझ्याला खाली स्क्रू दिसत नाहीत. रबरी पाय तेवढे आहेत.

कॅम्प_रिपेअर
काही मॉडेलांत स्क्रू त्या पायांखाली असतात, बाई. घरी नखानं उचकटू नका, पाय परत नीट चिकटत नाहीत.