पंथात ओढायला आलेल्यांशी शांत का राहायचं?

रामबागकर: "कुणी आपल्या पंथात यायचा आग्रह करायला आलं तर चहा द्या, शांत राहा, वाद घालू नका." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. मान डोलवली की ही माणसं होकार धरतात. आई दवाखान्यात असताना कॉलनीतल्या एक काकू यायच्या. विचारपूस झाली की पर्समधून गुरूंचा फोटो काढून उशीखाली सरकवायच्या. "दीक्षा घेतली असती तर ही वेळ आली नसती," हे आईच्या तोंडावर! आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी फोटो परत दिला आणि त्यांना दार दाखवलं.

स्नेहलतागंज: पोस्ट माझी आहे. शांत राहा म्हटलंय, गप्प बसा नाही. "नाही" म्हणायचं, पण कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर उत्तर तयारच असतं, आणि तासभर सुटका नाही.

जेलरोडकर: कायदाही बघा. जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध आपल्याच मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेल्या कायद्यावरचा स्टॅनिस्लॉस खटला. सुप्रीम कोर्टाने १९७७ साली सांगितलं की राज्यघटनेचं कलम २५ धर्माच्या प्रचाराचा हक्क देतं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा नाही.

रामबागकर: काकू आपल्याच धर्मातल्या आहेत हो. कोर्ट काय करणार?

सुदामानगर: बाहेरच्यांना दार तरी दाखवता येतं. माझ्या जाऊबाई सत्संगाला जायला लागल्या आणि घरात कांदा-लसूण बंद. सासरे पोह्यांवर शेव, जीरावन मसाला आणि कच्चा कांदा घेतल्याशिवाय घास उचलत नाहीत. आता कोपऱ्यावरच्या ठेल्यावर उभे राहून खातात, या वयात!

स्नेहलतागंज: कांदेनवमीला भजी खाऊन चातुर्मासभर कांदा सोडणारे आपल्याकडेही आहेतच की. त्याचा एवढा बाऊ कशाला?

सुदामानगर: माझी आजी सोडायची. आजोबांच्या ताटातला मात्र स्वतः चिरून द्यायची. फरक कळतोय का?

जेलरोडकर: घरची भांडणं इथे नकोत. विषय काय, चाललंय काय!

सुदामानगर: हाच विषय आहे! ताटातून सुरुवात होते, मग देव्हाऱ्यातले टाक हलतात. आमचा खंडोबा कपाटात गेलाय.

रामबागकर: ताई, हे भयंकर आहे. कुलदैवताला हात?

स्नेहलतागंज: टाकांचं ऐकून मलाही राग आला. इथे नुसतं शांत राहून भागणार नाही, मान्य. पण सत्संगावर एक शब्द बोलू नका, नाहीतर भांडण गुरूंवर जाईल. टाक जागेवर ठेवा आणि सासऱ्यांचं ताट त्यांना विचारून वाढा, एवढंच सांगा.

सुदामानगर: आजच सांगते. आवाज चढला तर चढला.