घोड्यांच्या रिंगणात मोटारी: अमेरिकेतील कृषी जत्रांमधील मातीवरच्या शर्यतींविषयी प्रश्न

तापीकाठ (शहादा)

सर्वांना नमस्कार. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार पाहण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. विक्रेते घोड्याची चाल दाखवतात त्या जागेची माती दोन दिवसांत पिठासारखी होते, आणि एखादे वाहन तिच्यातून गेले की धुरळ्यामुळे पलीकडचे काही दिसेनासे होते. अमेरिकेतील सुरुवातीच्या अनेक मोटार शर्यती राज्यांच्या कृषी जत्रांमध्ये, घोड्यांसाठी बांधलेल्या मातीच्या रिंगणांत झाल्या, असे अलीकडे वाचनात आले आणि तेव्हापासून दोन प्रश्न मनात घोळत आहेत. मोटार हे शहरातील श्रीमंतांचे वाहन असताना तिची शर्यत शेतकऱ्यांच्या जत्रेत का भरवली गेली असावी? आणि टापांसाठी मऊ राखलेल्या मातीने चाकांचा मारा कसा सोसला असेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त फिटर (भुसावळ)

भाऊ, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मैदानाच्या सोयीत आहे. जत्रेत एक मैलाचे किंवा अर्ध्या मैलाचे रिंगण, लाकडी प्रेक्षागार, कुंपण आणि तिकिटाची खिडकी हे सारे घोड्यांसाठी आधीच उभे होते, शिवाय जत्रेच्या दिवसांत आगगाड्या भरभरून लोक येत असत. मोटार विकू पाहणाऱ्या कारखानदारांना आयती गर्दी मिळाली आणि जत्रेच्या व्यवस्थापकांना तिकिटाचे नवे उत्पन्न मिळाले. 7 सप्टेंबर 1896 रोजी ऱ्होड आयलंड राज्याच्या जत्रेत, क्रॅन्स्टन येथील नॅरागॅन्सेट पार्कच्या घोड्यांच्या रिंगणात अशी शर्यत झाली. तीत पहिल्या दोन्ही जागा बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांनी मिळवल्या, पहिली रायकर कंपनीच्या गाडीने, आणि पेट्रोलवरची ड्युरिया मागे राहिली. विजेच्या गाड्यांना नवलाई मानणाऱ्या आजच्या वाचकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

घोड्यांकडून केवळ जागा आली असे नाही. एक मैल हे माप, हातातील घड्याळ लावून वेळ मोजण्याची सवय आणि डाव्या हाताला वळत धावण्याची दिशासुद्धा तेथूनच आली. तेथील लोकप्रिय शर्यत स्वाराची नव्हती, तर सल्की नावाच्या हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्याची होती. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलणारे, आपल्या रेवाल चालीशी जवळीक असणारे घोडे तीत विशेष गाजले. 1906 मध्ये मिनेसोटा राज्याच्या जत्रेत डॅन पॅच या अशाच घोड्याने 1 मिनिट 55 सेकंदांत मैल कापला. दुडक्या चालीच्या घोड्यांत लू डिलन या घोडीने 1903 मध्ये बरोबर दोन मिनिटांत मैल पुरा केला. त्याच वर्षी, 20 जून 1903 रोजी, इंडियाना राज्याच्या जत्रेच्या मैदानावर बार्नी ओल्डफील्ड याने मोटारीने 59.6 सेकंदांत मैल पार केला. गोल रिंगणात एका मिनिटाच्या आत मैल गाठणारा तो पहिला चालक ठरला.

त्याच्या गाडीचे नाव '999' होते. हेन्री फोर्ड यांनी ते एका वेगवान रेल्वे इंजिनाच्या क्रमांकावरून ठेवले होते, आणि रेल्वेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्याचा मनापासून आनंद होतो. चार सिलिंडरांचे सुमारे 18.9 लिटरचे इंजिन उघड्या सांगाड्यावर बसवलेले होते. मागच्या बाजूला स्प्रिंगा नव्हत्या, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल नव्हते आणि सुकाणूसाठी चाकाऐवजी दोन्ही हातांनी धरण्याचा आडवा दांडा होता. ओल्डफील्ड मूळचा सायकलपटू होता, आणि हादऱ्यांनी दात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो तोंडात चिरूट धरत असे.

आता हिशेब करून पाहा. मैलाच्या रिंगणाच्या दोन सरळ बाजू व दोन वळणे प्रत्येकी पाव मैलाची धरली, तर वळणाची त्रिज्या सुमारे 128 मीटर येते. दोन मिनिटांत मैल धावणाऱ्या घोड्याला तेथे बाहेर लोटणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा असतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून एका मिनिटाच्या मोटारीवर तो वजनाच्या निम्म्याहून अधिक भरतो. घोड्यांचे वळण जवळजवळ सपाट असे, त्यामुळे हा सारा भार केवळ मातीच्या पकडीवर येई. मागची चाके बाहेर सरकू लागत आणि चालक पुढची चाके उलट दिशेला वळवून गाडी तिरपीच पुढे काढत असे.

काळी माती (चोपडा)

दादांनी हिशेब फार चांगला मांडला आहे. मी मातीविषयी लिहितो, कारण जन्म तिच्यातच गेला आहे.

घोड्याच्या पायांना धक्का बसू नये म्हणून रिंगणाचा वरचा थर वखरून भुसभुशीत ठेवावा लागतो. मोटारीला नेमके उलटे हवे असते. तिचे चाक मातीला मागे ढकलते, सैल थर उधळून जातो, आणि एकामागून एक गाड्या त्याच रेषेतून गेल्या की वळणावर चाकोरी व खड्डे पडतात. यामुळे घोडेवाले मोटारींवर नाराज असत, आणि मोटारींच्या शर्यती सामान्यतः जत्रेच्या अखेरच्या दिवशी ठेवत, म्हणजे घोड्यांच्या शर्यती तोपर्यंत आटोपलेल्या असत.

चांगल्या रिंगणासाठी चिकणमातीचा अंश हवा, कारण निव्वळ रेती बांधून राहत नाही. मात्र ओल नेमकी लागते. आपल्या तापीखोऱ्यातील काळी जमीन पाणी पडले की फुगते व चाकाला लगडते आणि वाळली की भेगाळते, तेव्हा ती जशीच्या तशी या कामाची नाही. मुरूम मिसळून, पाणी मारून, रोलर फिरवून तिला जमवावे लागेल. अमेरिकेत धुरळा दाबण्यासाठी पाण्याखेरीज तेलही शिंपडत, आणि ते चालकांच्या चष्म्यांवर व तोंडावर मातीसह उडत असे. पुढची गाडी दिसत नसताना मागच्याने वेग कमी न करणे, हे त्या काळच्या शर्यतींचे सर्वांत भयंकर अंग होते असे माझे मत आहे.

तापीकाठ (शहादा)

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. विचारण्यामागचे खरे कारण आता सांगतो. ज्या शेतात आमच्या गावची बैलांची शर्यत होते, तेथे यंदा मोटारसायकलींची फेरी धरावी असा काही तरुणांचा आग्रह आहे. बैल सरळ पट्ट्यावर धावतात. हे मात्र गोल फिरणार आहेत. प्रेक्षक नेहमीप्रमाणे दोराला टेकून उभे राहिले तर चालेल का?

निवृत्त फिटर (भुसावळ)

भाऊ, मुळीच चालणार नाही, आणि हे मी कळकळीने लिहीत आहे. 16 सप्टेंबर 1911 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सिरॅक्यूज येथील जत्रेत, अखेरच्या दिवशी, ली ओल्डफील्ड याच्या गाडीचा टायर फुटला आणि गाडी कुंपण मोडून गर्दीत शिरली. अनेक प्रेक्षक प्राणास मुकले. हा चालक बार्नीचा नातेवाईक नव्हता. ते कुंपण घोड्यांना आत ठेवण्यासाठी होते, भरधाव येणाऱ्या जड लोखंडाला अडवण्यासाठी नव्हते. चाकाची पकड सुटली की वाहन वळणाच्या स्पर्शरेषेत सरळ बाहेर जाते, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला एकही माणूस असता कामा नये. लोकांना सरळ बाजूपासून बरेच दूर आणि शक्य झाल्यास उंच बांधाच्या मागे उभे करावे. परवानगी व रुग्णवाहिका यांशिवाय तर विषयच काढू नये.

काळी माती (चोपडा)

एक भर घालतो. तरुणांना आव्हान हवे असेल तर सर्वांनी एकदम सुटण्याऐवजी एकेकट्याने घड्याळाशी शर्यत करावी. धुरळ्यात कोणी कोणावर आदळणार नाही, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी मारायला वेळ मिळेल.

तापीकाठ (शहादा)

एकेकट्याने धावण्याची कल्पना मुलांना पटण्यासारखी आहे. शेताच्या पूर्वेकडील वळणाबाहेर लगेच गावाची पायवाट आहे, हे आपली उत्तरे वाचताना प्रथमच लक्षात आले. ते वळण तेथून हलवता आले नाही, तर मी स्वतः सरपंचांना भेटून यंदाची फेरी रद्द करण्यास सांगणार आहे.