मदत हवी आहे: सेंट पीटर्सबर्ग विरोधाभासाचं कोणतं उत्तर आधी शिकवावं?

संभाव्यतेच्या इतिहासावर टिपण करतोय, एका जागी घोडं अडलंय.

१६५४ मधला पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा भाग (अर्धवट राहिलेल्या खेळाची रक्कम कशी वाटायची) सोपा आहे. खेळ मध्येच थांबला, एकाला जिंकायला २ डाव हवेत, दुसऱ्याला ३. जास्तीत जास्त ४ डाव उरतात, म्हणजे १६ शक्यता. त्यांतल्या ११ पहिल्याच्या, ५ दुसऱ्याच्या. रक्कम ११:५ वाटायची. (खेळ २ डावांतही संपू शकतो, तरी चारही डाव मोजायचे. नाहीतर शक्यता समसमान राहत नाहीत आणि विद्यार्थी हमखास इथेच चुकतात.)

पुढे सेंट पीटर्सबर्ग. छापा पडेपर्यंत नाणं उडवायचं; पहिल्यांदा पडला तर १, दुसऱ्यांदा २, मग ४, ८... प्रत्येक पदाचा (बक्षीस गुणिले त्याची शक्यता) वाटा अर्धा, म्हणून अपेक्षित मूल्य, म्हणजे सरासरी मिळकत, अनंत. तरी एवढी मोठी रक्कम देऊन कुणी खेळणार नाही, हाच विरोधाभास. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये रकमेऐवजी तिची उपयुक्तता (माणसाला वाटणारं मोल) धरली आणि त्यासाठी रकमेचा लॉगरिदम वापरला: हाती काहीच नसलेल्यासाठी या खेळाची किंमत फक्त २.

पण बक्षिसं इतकी फुगवली की त्यांचा लॉगरिदमच १, २, ४, ८ होईल, तर बेरीज पुन्हा अनंत! म्हणजे उपयुक्ततेला वरची मर्यादा हवी. दुसरा मार्ग रोकडा: खेळवणाऱ्याकडे २^२० म्हणजे १०,४८,५७६ एवढंच असेल, तर अपेक्षित मूल्य जेमतेम ११.

मला दुसरा पटतो, पण मग १९४४ च्या फॉन नॉयमन-मॉर्गेनस्टर्न गृहीतकांकडे (जोखमीतली निवड अपेक्षित उपयुक्ततेने मांडता यावी म्हणून घातलेल्या अटी) वळायचं कसं? शिकवणाऱ्यांनी कोणता क्रम लावलाय?