घट्ट मोजे देण्याआधी: दुखणं रोहिणीचं की नीलेचं?

पोटरी_६२: रुग्ण साठीचे, मधुमेही, विडी चालू. चालताना पोटरी भरून येते, संध्याकाळी घोटे सुजतात, आतल्या घोट्यावर काळपट डाग, व्हेरिकोज शिरा ठसठशीत. मेडिकलवाल्याने घट्ट मोजे सुचवलेत. हाताशी बीपीचा कफ आणि छोटा डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) आहे. मोजे द्यावेत का?

जखमपट्टी: मोजमाप होईपर्यंत नकोत. डाग आणि सूज नीलेकडे (रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर) बोट दाखवतात, पण म्हणून रोहिणी (पायाकडे रक्त आणणारी धमनी) ठीक आहे असं नाही. विडी आणि साखर असली की दोन्ही आजार एकाच पायात सापडतात.

चालण्याबद्दल नीट विचारा. रोहिणी अरुंद असेल तर साधारण ठरावीक अंतरावर दुखतं आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबतं. नीलेचा जडपणा उभं राहून वाढतो, पाय उंचावर घेतला की उतरतो. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरं वाटत असेल, तर मोज्यांचा विषय संपला; लगेच व्हॅस्क्युलर सर्जनकडे पाठवा.

कफवाला: एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या दाबाचं गुणोत्तर, काढा. १० मिनिटं उताणं झोपवून दोन्ही दंडांचा वरचा दाब डॉप्लरनेच घ्या. मग कफ घोट्याच्या वर बांधून पावलाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची, अशा दोन्ही नाड्यांवर मोजा. डॉप्लरचं टोक (प्रोब) दाबू नका, नाडीच बंद होते. त्या पायाचा मोठा आकडा भागिले दंडाचा मोठा आकडा: ९६ भागिले १५० म्हणजे ०.६४.

०.९ किंवा कमी आला तर रोहिणी अरुंद. पूर्ण दाबाचे मोजे सहसा ०.८ च्या वर; ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाब, तोही तज्ज्ञाने ठरवलेला, ०.५ खाली मुळीच नाही.

जखमपट्टी: मधुमेहात हाच आकडा फसवतो. रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम बसलं की कफने ती दबत नाही. १.४ च्या वर आला तर तो धरूच नका. १.१ आला पण डॉप्लरचा आवाज एकसुरी, मंद असेल, तरीही पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या.

मणका_आणि_पाय: मणक्याची नळी अरुंद असली तरी चालताना पोटऱ्या भरतात. तेव्हा उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. बाजारात ढकलगाडीवर रेलून चालताना त्रास कमी होत असेल तर कंबर तपासा.

कफवाला: एकच पोटरी अचानक सुजली तर गुठळीसाठी त्याच दिवशी सोनोग्राफी. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर थेट मोठं रुग्णालय. तिथे हातात काही तासच असतात, शेकत बसू नका.