वजनांमुळे वेग मंदावत नाही

‘वजने उचलली की खो-खोपटूचे पाय जड होतात’ हे मत मला पटत नाही. पाय जड होतात ते सामन्याच्या तोंडावर थकवणारा व्यायाम दिल्यामुळे. सोलापुरात आमच्या महाविद्यालयाच्या संघात मांडीचा मागचा स्नायू धरण्याची तक्रार नेहमीची आहे, म्हणून मुले घडी घातलेल्या चादरीवर गुडघे टेकतात, जोडीदार घोटे घट्ट दाबून धरतो आणि कंबर न मोडता ती शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जातात. नॉर्डिक नावाच्या या व्यायामात स्नायू लांबत असतानाच ताकद लावतो, आणि वेगाने धावताना बहुधा त्याच अवस्थेत तो दुखावतो. सुरुवातीला मांड्या चांगल्याच ठणकतात, त्यामुळे स्पर्धांच्या बऱ्याच आधी, 4-5 आवर्तनांपासूनच तो सुरू करावा.