मनगटाचा एक्स-रे: हे मॅडेलुंगच का?

प्रश्न: १३ वर्षांची मुलगी, दोन्ही मनगटं वाकडी, मार वगैरे काही लागलेला नाही, पीए फिल्ममध्ये (समोरासमोरच्या सरळ एक्स-रेत) रेडियसचं (हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) टोक अल्नाकडे (करंगळीकडच्या हाडाकडे) जरा जास्तच उतरतंय, मॅडेलुंग (हाडाच्या वाढीतल्या दोषामुळे मनगट वाकडं होणं) म्हणू का?

– आधी लुनेट (मनगटातलं एक छोटं हाड) बघ, रेडियस-अल्नाच्या फटीत घुसलाय का? कार्पल (मनगटातल्या छोट्या) हाडांची वरची रांग व्ही सारखी दिसली की जवळपास पक्कंच. रेडियसच्या ग्रोथ प्लेटची (हाड जिथून वाढतं त्या पट्टीची) अल्नाकडची बाजू लवकर बंद पडते आणि बाकीची वाढतच राहते, म्हणून तो उतार.

– लॅटरल (बाजूने घेतलेला एक्स-रे) पण काढा हो, अल्ना मागे उचललेली त्यातच नीट कळते.

– उंची मोजली का? कमी असेल तर लेरी-वाइल (बुटकेपणासोबत असं मनगट होणारा आनुवंशिक आजार) डोक्यात ठेवा, त्याच्याशी संबंधित शॉक्स (SHOX) जीनची टेस्ट करून घ्या. एकाच हाताला असतं तर जुनं फ्रॅक्चर आधी विचारलं असतं.