किटफॉक्स मॉडेल ४: बारा वर्षं पडून असलेलं विमान, आधी इंजिन की आधी कापड?

नवशिका_ओहायो
नमस्कार मंडळी. जुनं किटफॉक्स मॉडेल ४ घेतलंय (किट आणून घरी बांधायचं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं छोटं विमान), इंजिन टू-स्ट्रोक रोटॅक्स ५८२. मूळ मालकाने किट बांधून, रीतसर नोंदणी करून उडवलं होतं. नंतर १२ वर्षं पंख दुमडून कोठारात उभं. लॉगबुकात इंजिनाचे १४० तास. कापड कुठे फाटलेलं नाही, पंखांवरचा रंग मात्र फिका पडलाय. आधी इंजिन सुरू करून बघावं, मग बाकीचं, असा विचार आहे. गॅरेजमधलं हे पहिलंच विमान. क्रम बरोबर आहे का? आणि कायद्याने मला स्वतःला किती काम करता येतं?

कापडवाला
क्रम उलटा करा. इंजिन दुसरं बसवता येतं, सांगाडा गंजला असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

पहिली जागा शेपटीखालची. विमान शेपटीवर टेकलेलं असतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तळाच्या नळ्यांच्या मागच्या टोकाशी साचतं. तिथलं कापड वीतभर कापा आणि नळीच्या खालच्या अंगाला टोच्याने दाबून बघा. नुसता तांबूस थर असेल तर घासून इपॉक्सी प्रायमर लावता येतो. टोच्या रुतला तर नळीचा तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल, आणि ते काम ४१३० स्टीलवर (सांगाड्याच्या नळ्यांचं मिश्र पोलाद) वेल्डिंगचा हात बसलेल्यानेच करावं.

मग पंख. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर प्लायवूडच्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) इपॉक्सीने चिकटवलेल्या असतात. प्रत्येक रिब दोन बोटांत धरून हलकेच पिळा. कर्रकन् आवाज आला किंवा सांध्यावर केसासारखी रेघ दिसली तर सांधा सुटलाय.

कापडाचं खरं वय उन्हावर ठरतं. ते पॉलिएस्टरचं असतं, त्याला रंगाखालचा चंदेरी थर उन्हापासून वाचवतो. अंधार करून एका बाजूला दिवा धरा. उजेड पाझरला तर तो थर पुरेसा नाही. ताकद तपासायची तर रंगाचे थर एमईके या द्रावकाने काढून उघड्या कापडावरच तपासा, रंगासकट केलेली चाचणी फसवते. माझं मत विचाराल तर सगळं कापड काढाच. नाहीतर आतल्या रिब्ज नीट बघणार कशा?

नवं कापड इस्त्रीच्या उष्णतेने आवळून ताणतात. तेव्हा इस्त्रीच्या तापमानाच्या चकतीवर विसंबू नका. तळाला थर्मामीटर टेकवून २५०, ३०० आणि ३५० फॅरनहाइटच्या खुणा स्वतः करा. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत तळावर चुकीचा आकडा दाखवते. ३५० च्या वर गेलात की कापड सैल पडतं आणि परत ताणलं जात नाही. पहिला हात २५० वर, वरची-खालची बाजू आलटून पालटून. एकच बाजू पूर्ण ताणली की पंखाची मागची पातळ कड वाकते.

टू_स्ट्रोक
इंजिन फिरवूही नका! ५८२ ला ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) ३०० तासांनी किंवा ५ वर्षांनी, जे आधी येईल ते. इथे तास नाही, वर्षं संपली आहेत. टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंगला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. इंजिन बंद राहिलं की ते निथळतं आणि क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. एक्झॉस्ट काढून पिस्टन चकचकीत दिसला तरी हे ठिपके दिसत नाहीत. क्रँकचे सीलही कडक होतात, तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो.

रोटरी व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत सोडणारी फिरती चकती) शाफ्टचं तेल वेगळ्या छोट्या टाकीत असतं. ते दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरतंय, सील गेलंय. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पल्स पंपाचा (इंजिनातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा इंधनपंप) पडदा न बघता बदला.

पंखातल्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत. आत लावलेला जुना सीलंट इथेनॉलने फुगून सुटतो आणि त्याचे पापुद्रे गाळणीत अडकतात. पंपावरचं पेट्रोल घेण्याआधी खुणा असलेल्या नळीत थोडं पाणी घाला, वर पेट्रोल, हलवून ठेवा. पाण्याचा थर वाढलेला दिसला तर इथेनॉल आहे.

नवशिका_ओहायो
म्हणजे कापड काढायचंच. नट-बोल्ट जुनेच वापरता येतील का?

कापडवाला
बोल्टवर ओरखडा किंवा गंज नसेल तर चालतील. नायलॉनची कडी असलेले नट बोटांनी फिरले की फेका, आणि जिथे बोल्टच फिरतो तिथे ते लावूच नका. तिथे कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यातून जाणारी कॉटर पिन. ३/१६ इंची बोल्टला टेन्शन नट (ओढीचा ताण घेणारा जाड नट) असेल तर २० ते २५ इंच-पाउंड. पाना जरा जोरात ओढला की ही मर्यादा ओलांडते, म्हणून लहान टॉर्क रेंच घ्याच.

निरीक्षक
कायद्याचं राहिलं. अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल विमानावर (घरी बांधलेली विमानं याच वर्गात नोंदवतात) देखभाल-दुरुस्ती मालक स्वतः करू शकतो. दरवर्षीचं कंडिशन इन्स्पेक्शन (विमान उडण्याजोगं आहे का याची तपासणी) मात्र सहसा ए अँड पी मेकॅनिक (सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवानाधारक) करेल, किंवा रिपेअरमन सर्टिफिकेट असलेला मूळ बांधणारा. ते सर्टिफिकेट विमानाबरोबर विकत मिळत नाही. त्या मेकॅनिकला आत्ताच गाठा आणि कापड चढवण्याआधी सांगाडा उघडा असताना एकदा बोलवा. ईएए या हौशी विमान-बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल काउन्सेलरही घरी येऊन बघतात, पैसे घेत नाहीत. कापड काढाल तेव्हा प्रत्येक नियंत्रण-केबलचा मार्ग आणि प्रत्येक ब्रॅकेट मोजपट्टी ठेवून फोटोत घ्या. रंग झाल्यावर तीन काट्यांवर नव्याने वजन करावं लागेल, जुन्या वजनपत्रकावर उडू नका.